चादरीवरची पाखरं आणि आईची गुळवेल

  ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलताना अडखळलो होतो तेवढं काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आज कोड, करिअर, पगारवाढ यातलं काही नाही. आज रात्री दिव्यावर येणाऱ्या पाखरांबद्दल बोलायचंय. आणि त्यातल्या एकाचं नाव शोधायला मला अकरा रात्री का लागल्या, त्याबद्दल.

मिहानच्या गेटवर

मी नागपूरच्या मिहानमध्ये नोकरी करतो. पुण्या-मुंबईच्या मित्रांसाठी सांगतो, मिहान हे काही गावाचं नाव नाही. मल्टी-मोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर, या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं. खापरी, शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव ही इथली मूळ गावं. आज जिथे आमचं पार्किंग आहे तिथे कधीकाळी कुणाचं तरी वावर होतं.

आमची टीम अमेरिकेच्या वेळेवर चालते, त्यामुळे महिन्यातले दहाएक दिवस रात्रपाळी. रात्री दोन वाजता चहाला गेटपाशी गेलं की मोठ्या दिव्याखालची भिंत पाहायची. जुलै ते ऑक्टोबर ती भिंत भरलेली असते. तपकिरी, राखाडी, पांढरी, एखादं हिरवं. सकाळी सहाला सफाईवाल्या मावशी येतात आणि मेलेली सगळी पाखरं झाडूनं सुपलीत भरतात. तीन वर्षं मी हे पाहत होतो आणि माझ्या डोक्यात त्या सगळ्यांसाठी एकच शब्द होता : किडे.

तो शब्द बदलला तो घरच्या संत्र्यांमुळे.

"नाव कायले पाहिजे?"

आमचं घर हिंगणा तालुक्यात. ऑफिसपासून दुचाकीनं पाऊण तास. घराला लागूनच बाबांची छोटी बाग आहे, संत्र्याची दीडशेच्या आत झाडं. मागच्या सप्टेंबरच्या शेवटी आंबिया बहाराची फळं रंगावर यायला लागली आणि गळायला लागली. रोज सकाळी झाडाखाली पाच-सहा फळं. वरून बघाल तर चांगलं फळ. हातात घेऊन नीट पाहिलं की सालीवर टाचणीनं टोचल्यासारखं एक भोक. दाबलं की त्यातून रसाची चिळकांडी उडते. दोन दिवसांनी भोकाभोवती साल मऊ पडते, गोल डाग होतो, आतून सडतं आणि फळ खाली.

बाबा म्हणाले, "पाखरू लागलं बागेले. उद्या फवारतो."

"कोणतं पाखरू?"

"रातचं येते. दुकानवाल्यानं दोन बाटल्या देल्ल्या."

"पण नाव काय त्याचं?"

"नाव कायले पाहिजे? पाखरू म्हणजे पाखरू."

इथे मी अडलो. बाबांना शेती शिकवायची माझी लायकी नाही, हे मला माहीत आहे. पण २०१७ चा पावसाळा विदर्भात कुणी विसरलेला नाही. त्या वर्षी कापसावर गुलाबी बोंडअळी उसळली, आणि यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो आणि होस्टेलमधून घरी फोन करून विचारत होतो, "बाबा, तुम्ही तोंडाला बांधता ना?" ते "हो ना बावा" म्हणायचे, आणि आई मागून ओरडायची, "खोटं सांगून राह्यले!"

बाबा आता एकसष्ट वर्षांचे आहेत. पाठीवर पंप घेऊन दीडशे झाडं. मी म्हटलं, मला थोडे दिवस द्या, आधी कोण आहे ते बघतो. ते म्हणाले, आठ दिवस. पुढे त्याचे अकरा झाले.

चादर कशी लावायची

हे तुम्हीसुद्धा करू शकता, म्हणून नीट सांगतो.

एक पांढरी सुती चादर, दोन बांबू, सुतळी, आणि एक दिवा. साधा पांढरा एलईडी फारसा उपयोगी नाही, कारण त्यात अल्ट्राव्हायोलेट प्रकाश जवळजवळ नसतो आणि पतंगांना तोच जास्त दिसतो. मी ऑनलाइन एक अल्ट्राव्हायोलेट ट्यूब मागवली. तिच्याकडे टक लावून बघायचं नाही, डोळ्यांना वाईट. चादरीचं खालचं टोक जमिनीवर पसरवून ठेवायचं, कारण बरेच पाहुणे खाली गवतात उतरतात. दिवस अमावास्येच्या आसपासचे, हवा दमट, वारा नाही, अशी रात्र मिळाली तर उत्तम. आणि काम झालं की दिवा बंद करून चादर हळूच झटकायची. नाहीतर सकाळी साळुंक्या आणि पाली येऊन आयती पंगत मारतात.

पाखरं दिव्यावर का येतात? दिव्यावर झेप घेऊन जळणारा पतंग म्हणजे प्रेमवेडा, हे आपण गाण्यांतून ऐकत आलोय. प्रत्यक्षात भानगड वेगळी आहे. जानेवारी २०२४ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक अभ्यास आला. सॅम फॅबियन, यश सोंधी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायस्पीड कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीचं कीटकांचं उडणं टिपलं. त्यांना दिसलं की कीटक दिव्याकडे सरळ जातच नाहीत, ते दिव्याकडे पाठ करतात. लाखो वर्षं रात्री जास्त उजेड असायचा तो आभाळाकडून. म्हणून पाठ उजेडाकडे ठेवली की आपण सरळ उडतोय, हा त्यांचा हिशेब. आपण दिवा बाजूला लावला की तो हिशेब बिघडतो आणि बिचारं पाखरू गोल गोल फिरत अडकतं. हे वाचल्यावर मिहानच्या गेटवरची भिंत मला वेगळी दिसायला लागली.

कोण कोण आलं

पहिल्या रात्री साडेसातला दिवा लावला. आठपर्यंत नुसती चिलटं. बाबा खाटेवरून म्हणाले, "काय पाहून राहिला रे त्या चादरीत? सिनेमा लागणार हाय का?"

साडेआठला सिनेमा लागला.

आधी एक हिरवा, लढाऊ विमानासारखा. पंखांवर गडद हिरव्या, फिकट आणि गुलाबीसर लाटा. हा ओलिअँडर हॉकमॉथ, डॅफ्निस नेरी. याची अळी कण्हेरीवर आणि तगरीवर वाढते. आमच्या दारात दोन्ही आहेत, म्हणजे हा घरचाच निघाला.

दुसऱ्या रात्री एक भलाथोरला आला. अंगठ्याएवढं जाड अंग, पोटावर पिवळे-काळे पट्टे, पाठीवर कवटीसारखी खूण. हात लावला तर चक्क चीं-चीं ओरडला! अकेरॉन्शिया स्टिक्स. याची अळी तिळावर असते, शेपटीला शिंगासारखा काटा. मोठा झाला की हा मधमाश्यांच्या पोळ्यात घुसून मध चोरतो. त्याला पाहून आई दोन पावलं मागे सरली, आणि मग तिनंच माझ्या फोनचा टॉर्च धरला.

बाकी छोटे छोटे. काही तांदळाच्या दाण्याएवढे. अकरा रात्रींत एकतीस प्रकारांचे फोटो निघाले. त्यातल्या बारांचं नाव जातीपर्यंत लागलं. आठांचं फक्त प्रजातीपर्यंत, म्हणजे आडनाव कळलं पण पहिलं नाव नाही. उरलेले अकरा अजून माझ्या फोनमध्ये "पतंग" एवढ्याच नावानं बसलेत.

हे काही माझं अपयश नाही बरं का. भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशेच्या घरात आहेत आणि पतंगांच्या दहा हजारांहून जास्त. कित्येक पतंग दिसायला इतके सारखे असतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे जननावयव तपासल्याशिवाय तज्ज्ञसुद्धा नाव सांगत नाहीत. आपल्या महाराष्ट्रानं २०१५ मध्ये ब्लू मॉरमॉनला राज्य फुलपाखरू केलं. पतंगांकडे मात्र कुणी फारसं बघत नाही. भारतातल्या पतंगांवरचं एक मोठं काम जॉर्ज हॅम्पसनचं. हा निलगिरीत चहाचा मळेवाला होता. त्याचे चार खंड १८९२ ते १८९६ मध्ये निघाले, आणि आजही जुनी नावं तपासताना लोक तिथपर्यंत जातात.

अळीला नाव आहे, पतंगाला नाही

तिसऱ्या रात्री बाबा खाटेवरून उठून चादरीपाशी आले. मी फोटोवरून नाव काढायचो, मग त्याची अळी कशी दिसते ते शोधून त्यांना दाखवायचो. आणि गंमत अशी की पतंग पाहून ते मान हलवायचे, पण अळी पाहिली की लगेच ओळखायचे.

"ही? ही तर घाटेअळी. हरभऱ्यावर येते."

"ही उंटअळी. सोयाबीन खाते."

"ही केसाळ अळी. अंगाले लागली का खाज सुटते."

घाटेअळी, बोंडअळी, लष्करी अळी, उंटअळी, खोडअळी, नागअळी. केवढी नावं! आणि यातली जवळजवळ प्रत्येक पुढे पतंग होते. पण त्या पतंगाला बाबांकडे नाव नाही. का? कारण पीक खाते ती अळी. नुकसान जिथे दिसतं तिथे शेतकरी नाव ठेवतो. रात्री उडणारं पाखरू कुणाचं काय बिघडवतं? म्हणून ते नुसतं पाखरू.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो आमच्या ऑफिसपासून फार लांब नाही. वर्धा रोडवर पांजरीला केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं शेत आहे. गुलाबी बोंडअळीसाठी शास्त्रज्ञ जे कामगंध सापळे लावायला सांगतात, त्यांत अळी नाही, पतंग मोजतात. सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते. त्या वासाला भुलून फक्त त्याच जातीचे नर येतात, म्हणजे ओळख पटवायचं काम आपल्याला करावंच लागत नाही, नाक असलेला नरच ते करून देतो. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ पतंग सापडले, तर उपाय करायची वेळ झाली असं समजायचं. का? कारण अळी एकदा बोंडात शिरली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. पतंग ओळखला तरच वेळ हातात राहते.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मंग आपल्या संत्र्याची अळी कुठं हाय? झाडावर तर दिसत नाही."

हाच प्रश्न मला आधी पडायला हवा होता.

माझी चूक

पाचव्या रात्री चादरीच्या कडेला एक मोठा तपकिरी पतंग बसला. वाळक्या पानासारखा, पंख घरावरच्या छपरासारखे मिटलेले. इतक्या दिवसांत माझं वाचन झालेलं होतं. संत्र्याला भोक पाडणारा म्हणजे फळातील रस शोषणारा पतंग, युडोसिमा, हे मला कळलेलं होतं. आणि तो वाळक्या पानासारखाच दिसतो.

फोटो काढला, आयनॅचरलिस्टवर टाकला. हे ॲप २००८ मध्ये बर्कलेच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालं. फोटो टाकला की त्यातलं मशीन लर्निंग मॉडेल काही नावं सुचवतं, आणि मग जगभरातले लोक ती नावं तपासतात. मॉडेलनं यादी दिली. वर दुसरंच काहीतरी होतं. खाली, चौथ्या-पाचव्या नंबरवर युडोसिमा. मी काय केलं असेल?

मी खालचं निवडलं. कारण मला ते हवं होतं.

मी दिवसभर ऑफिसमध्ये लोकांना सांगतो की मॉडेल जे देतं तो अंदाज असतो, उत्तर नसतं. आणि इथे मी मॉडेललाही बाजूला सारून मनातलं उत्तर उचललं. वर बाबांना जाऊन सांगितलं, "सापडला चोर! दिव्यावर येतो. आता बागेत असेच चार दिवे लावू, खाली पाण्याची टोपली ठेवू, फवारायची गरजच नाही." बाबांनी दुसऱ्याच दिवशी मोठ्या खर्चाचा हिशेब मांडला, वायर किती लागेल, दिवे किती.

दोन दिवसांनी ॲपवर एका अनोळखी माणसानं माझं नाव नाकारलं आणि एकच ओळ लिहिली : मागच्या पंखांचा फोटो आहे का?

पतंग बसला की पुढचे पंख वर आणि मागचे खाली झाकलेले. खरी ओळख बऱ्याचदा त्या झाकलेल्या पंखांत असते. नशिबानं माझ्याकडे एक हललेला फोटो होता, उडायच्या तयारीतला. त्यात मागचा पंख काळा-पांढरा दिसत होता. युडोसिमाचा मागचा पंख गडद केशरी असतो. म्हणजे हा तो नव्हताच. हा अकिया जनाटा, ज्याची अळी एरंडीची पानं खाते. संत्र्यावर हाही येतो, पण त्याचं नाव घेतलं जातं ते प्रामुख्यानं दुसऱ्यानं पाडलेल्या भोकातून रस पिणाऱ्यांत. चोरी झाल्यावर उघड्या दारातून शिरणारा.

मग मी पुन्हा वाचलं, या वेळी शेवटपर्यंत. फळातला रस शोषणारे हे पतंग दिव्याकडे फारसे येतच नाहीत. त्यांना ओढतो पिकलेल्या फळाचा वास. म्हणजे मी सात रात्री चुकीच्या जागी सापळा लावून बसलो होतो, आणि बाबांना चार दिव्यांचा खर्च करायला लावणार होतो. उजेडामुळे आजूबाजूची नको ती पाखरं बागेत गोळा झाली असती ते वेगळंच.

बाबांना सांगायला गेलो. वाटलं होतं चिडतील. ते म्हणाले, "चुकलं त चुकलं. वायर अजून आणली नाही."

टॉर्च घेऊन बागेत

नवव्या रात्री चादर लावलीच नाही. रात्री नऊ वाजता आम्ही तिघं टॉर्च घेऊन बागेत गेलो. बाबा पुढे, काठी आपटत, सापाच्या भीतीनं. मी मधे. आई मागे.

चौथ्या ओळीत बाबा थांबले. "ते काय चमकून राह्यलं?"

फळाजवळ दोन लालसर ठिणग्या. टॉर्च हलवला की विझायच्या, परत आणला की पेटायच्या. पतंगाचे डोळे. जवळ गेलो तर फळाला एक वाळकं पान चिकटल्यासारखं. आणि त्या पानाची सोंड सालीत रुतलेली. फुलपाखराची सोंड मऊ असते, फुलातला मध ओढण्यापुरती. याची टणक, टोकाला काट्यांची, करवतीसारखी. साल फोडायलाच बनलेली. आपल्या भंडारा-गडचिरोलीकडच्या कोशाचा पतंग आठवा, टसर देणारा. त्या मोठ्या पतंगाला खायला तोंडच नसतं, अळी असताना जे खाल्लं त्यावर तो चार-आठ दिवस जगतो. आणि हा दुसरा, तोंडात गिरमिट घेऊन फिरणारा.

मी फोटो काढले. आईनं हळूच फांदी हलवली. पंख उघडले. मागचे पंख गडद केशरी, काळी किनार, आणि मधोमध एक गोल काळा ठिपका. गोल ठिपका म्हणजे युडोसिमा मॅटर्ना. दुसरा एक भाऊबंद आहे, त्याचा ठिपका वाकडा, स्वल्पविरामासारखा असतो. या वेळी मी फोटो टाकून गप्प बसलो, फक्त "युडोसिमा" एवढंच लिहिलं. दोन दिवसांत दोघांनी स्वतंत्रपणे मॅटर्ना म्हटलं.

त्या रात्री दीडशेच्या आत झाडांवर आम्ही सतरा मोजले.

आणि मग गुळवेल

आता बाबांचा प्रश्न : याची अळी कुठं हाय?

संत्र्यावर नाहीच. हेच तर सगळं उलटं आहे. बाकीच्यांत नुकसान अळी करते आणि पतंग निरुपद्रवी. इथे नुकसान पतंग करतो, आणि अळी संत्र्याच्या पानाला तोंडसुद्धा लावत नाही. ती वाढते वेलींवर. वासनवेल, आणि गुळवेल.

गुळवेल म्हटल्यावर बाबांनी आईकडे पाहिलं.

विहिरीजवळच्या कडुनिंबावर आमची गुळवेल आहे. २०२० मध्ये आईनं लावली. आठवतंय ना तेव्हाचं, घरोघरी काढा. आमच्या घरी तर नक्कीच. आजी त्या वर्षी आजारी होती, आई रोज पहाटे वेलीचा तुकडा ठेचून काढा करायची. आजी पुढच्या वर्षी गेली. वेल राहिली, कडुनिंबाच्या शेंड्यापर्यंत गेली. अर्ध्या गावानं आईकडून तिचे तुकडे नेलेत.

सकाळी आम्ही वेलीखाली उभे राहून पानं उलटून पाहिली. अर्ध्या तासात पाच अळ्या. मखमलीसारख्या काळपट, अंगावर दोन्ही बाजूंना दोन-दोन मोठे डोळे काढलेले. बोट लावलं की मान आत वाकवून, शेपूट उचलून बसायच्या. इतक्या सुंदर की आईच म्हणाली, "अगं बाई!"

बाबा विळा घेऊन आले. आई वेलीच्या बुंध्याशी जाऊन उभी राहिली. काही बोलली नाही, नुसती उभी.

मला काय बोलावं कळेना. नाव शोधलं मी, अळी शोधली मी, आणि आता त्याचा हिशेब या वेलीशी येऊन थांबला होता. कृषी शास्त्रज्ञांचा सल्ला स्पष्ट आहे, बागेच्या आजूबाजूच्या गुळवेल, वासनवेल काढून टाका. पण हा पतंग लांबवर उडणारा आहे. एक वेल तोडून तो थांबणार नाही. मी बाबांना म्हटलं, चला, आधी धुरे पाहू.

धुऱ्यावर गेलो तर तिन्ही बाजूंच्या काटेरी कुंपणावर वासनवेल पसरलेली. नाल्याच्या कडेला रानातली गुळवेल. बाबा वीस वर्षं त्या धुऱ्यावरून जातायत. म्हणाले, "इतकी हाय हे ध्यानातच नाही आलं कधी."

मग काय केलं

धुऱ्यावरच्या वेली आठवडाभर मजूर लावून काढल्या. खाली पडलेली फळं रोज सकाळी वेचून खड्ड्यात पुरायला लागलो, कारण सडक्या फळाचा वास म्हणजे नव्या पाखरांना आमंत्रण. संध्याकाळी बागेत कडुनिंबाचा पाला जाळून धूर. रात्री जेवल्यावर टॉर्च, आणि हातात जाळी. विषारी आमिष ठेवायचीही शिफारस असते, ते आम्ही केलं नाही. दुकानातल्या दोन बाटल्या बाबांनी परत केल्या. झाडाची पानं भिजवून काय होणार होतं? पतंग पान खात नाही, अळी झाडावर नाही, आणि फळं तोडायला आलेली.

कडुनिंबावरची गुळवेल आहे तशीच आहे. आईनं ती जबाबदारी घेतली. दर दोन दिवसांनी, हात पोचतो तिथपर्यंत पानं उलटून अळ्या वेचायच्या. वरची उंच वेल छाटायला तिनंच बाबांना सांगितलं. हाताला येईल एवढीच ठेवली.

किती फळं वाचली? प्रामाणिक उत्तर देतो. आधी रोज पाच-सहा पडायची, ऑक्टोबरच्या शेवटी एक-दोन. पण तोवर पाऊस गेला होता, थंडी आली होती, पाखरं तशीही कमी होतात. आमच्या उपायानं किती आणि हवामानानं किती, हे सांगायला काही न केलेली अजून एक बाग शेजारी हवी होती. ती माझ्याकडे नाही. एवढं खात्रीनं सांगतो की बाबांनी त्या हंगामात पंप पाठीवर घेतला नाही.

तुम्ही करणार असाल तर

शेवटी थोडं कामाचं.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जगभर मॉथ वीक असतो, २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीत सुरू झालेला. पण त्याची वाट बघायची गरज नाही. तुमच्या गावी, गच्चीवर, होस्टेलच्या बाल्कनीत पांढरी भिंत असली तरी चालते.

फोटो काढताना तीन काढा : वरून सरळ, बाजूनं, आणि जमलं तर मागचे पंख दिसतील असा. शेजारी नाणं किंवा पेनाचं टोपण ठेवा, आकार कळतो. ठिकाण आणि तारीख नीट टाका. ॲपनं सुचवलेलं पहिलं नाव डोळे मिटून घेऊ नका, आणि माझ्यासारखं मनातलं नाव तर मुळीच निवडू नका. खात्री नसेल तर प्रजातीवर थांबा, तिथेही नसेल तर नुसतं "पतंग" लिहा. पुढचं कुणीतरी भरेल. आणि घरी शेती असेल तर फोटो घरच्यांना दाखवा, अळीचाही दाखवा. त्यांना जी माहिती आहे ती ॲपमध्ये नाही.

परवा रात्रपाळीत होतो. गेटवरच्या भिंतीचा फोटो काढत होतो तेव्हा सफाईवाल्या मावशी आल्या. विचारलं, काय करतोस रे? एक दाखवला, वाळक्या पानासारखा. त्यांनी लगेच विचारलं, "मागचे पंख कसे हायेत त्याचे?"

मी चाट पडलो. म्हटलं, तुम्हाला कसं माहीत?

म्हणाल्या, "आमची संत्र्याची बाग होती ना इथं."

इथं म्हणजे कुठं, ते त्यांनी हातानं दाखवलं. पार्किंगच्या पलीकडे.

त्यांच्याशी पुढच्या भागात बोलायचं ठरलंय. त्या बोलायला तयार आहेत, फक्त रेकॉर्डिंग सकाळी सहाच्या आत संपवा म्हणाल्यात. तोवर तुमच्या चादरीवर कोण आलं ते मला कळवा. काळजी घ्या, भेटूच.